छताला टांगलेला प्राणवायू

सिस्टरनं पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "काका, ऑपरेशनला सोबत कोण?"

साधा प्रश्न. हर्निया झालेला कुणीही माणूस याचं उत्तर पटकन देईल. बायको, मुलगा, सून, गेला बाजार शेजारी. मी मात्र खिडकीबाहेर बघत बसलो. ज्या हॉस्पिटलात नोकरीची सगळी वर्षं काढली, तिथंच मी पेशंट म्हणून बसलो होतो आणि सोबत म्हणून एक नाव सुचत नव्हतं. सिस्टर नवीन होती, पण चांगली होती. तिनं पेन तसंच धरून ठेवलं.

"पुतण्या येणार आहे," मी ठोकून दिलं.

पुतण्याला अजून फोनसुद्धा केला नव्हता.

त्याच आठवड्यात या अंकाच्या संपादकांचा निरोप आला की तुमचं क्षेत्र वेगळं आहे, कामाचे अनुभव लिहा. क्षेत्र वेगळं आहे खरं. इतकं वेगळं, की आजूबाजूला दुसरं कुणीच नव्हतं. लिहायला बसलो तेव्हा डोक्यात सिस्टरचा तो प्रश्न घुमत होता, त्यामुळे जे आठवलं ते सगळं त्याच अंगानं आठवलं. क्रमवार काही मिळणार नाही. नोकरीला कधी लागलो, बढती कधी मिळाली (मिळाली नाही), हे वाचून कुणाचं भलं झालंय?

मी हॉस्पिटलातला गॅसवाला. असं म्हटलं की जव्हारच्या बाजारात लोक मला घरच्या सिलिंडरचं बुकिंग विचारायचे. अहो, तो गॅस नव्हे. ऑपरेशन थिएटरला लागतो तो प्राणवायू, भुलीचा वायू, दाबाखालची स्वच्छ हवा, आणि उलट बाजूनं रक्त-पाणी ओढून घेणारं सक्शन. हे सगळं तांब्याच्या पाइपांतून भिंतीभिंतीतून फिरवायचं आणि टेबलावर झोपलेल्या माणसाच्या डोक्याशी नेऊन सोडायचं, हे माझं काम. आमचं हॉस्पिटल जव्हार-मोखाडा रस्त्यावरचं, एका ट्रस्टचं, लहानसं. नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात आमची थोडी फजितीही आहे.

मी आलो होतो एका कंपनीकडून, थिएटरमध्ये पेंडंट बसवायला. पेंडंट म्हणजे काय ते सांगतो. थिएटरच्या छतातून एक जाडजूड हात खाली येतो. त्याला कोपरासारखा सांधा असतो, म्हणजे हवा तिकडे वळवता येतो. टोकाला एक उभी पेटी. पेटीवर गॅसची तोंडं, प्रत्येकाचा रंग वेगळा. पांढरं प्राणवायूचं, निळं भुलीच्या वायूचं, पिवळं सक्शनचं. प्रत्येकाची खाच वेगळी, म्हणजे घाईत चुकून निळी नळी पांढऱ्या तोंडात घालायची म्हटलं तरी जात नाही. पूर्वी सिलिंडर थिएटरमध्येच ढकलत आणायचे, जमिनीवर नळ्यांचा गुंता, डॉक्टर त्यात अडखळायचे. पेंडंट आला आणि जमीन मोकळी झाली. पेटीतून भुलीच्या यंत्रापर्यंत नळ्या फक्त झोळ पडून लोंबतात. त्या लोंबणाऱ्या नळ्या लक्षात ठेवा.

हे सगळं वजन छताच्या स्लॅबला आरपार घातलेल्या बोल्टांवर असतं. खालून दिसत नाही, वर खोटं छत असतं. मी ते बोल्ट स्वतः आवळले. काम संपलं, कंपनीची माणसं गेली आणि ट्रस्टच्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्य सर्जननी, मला थांबवून घेतलं. म्हणाले, "निकम, यंत्र बसवलंत, पण बिघडलं तर नाशिकहून माणूस येईपर्यंत आमचा पेशंट कसा टिकायचा?" मी म्हटलं, पावसाळ्यापुरता थांबतो. माझं गाव सिन्नरकडचं. पावसाळा संपला, पुढचा आला, आणि मी इथलाच होऊन बसलो.

माझी खोली हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, मुख्य इमारतीपासून तोडून. तिथं सिलिंडरच्या दोन रांगा. एक रांग चालू, एक राखीव. चालूचा दाब उतरला की राखीव लागते, मग रिकाम्या बदलायच्या. सांध्यांना ब्रशनं साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडा येतो का बघायचं. बास. दिवसभर दाब दाखवणाऱ्या काट्यांकडे बघायचं आणि कान देऊन ऐकायचं. गळणाऱ्या गॅसचा आवाज बारीक असतो, माणसं बोलत असली की ऐकू येत नाही. त्यामुळे मी कुणाला खोलीत बसू द्यायचो नाही. पुढं पुढं कुणी बसायला यायचंच बंद झालं. मग मीच काट्यांशी बोलायचो. "काय रे, आज सकाळीच खाली?" असं.

या कामाची गंमत अशी, की ते नीट चाललं तर कुणाला तुमची आठवणसुद्धा येत नाही. डॉक्टरांना पेशंटचे नातेवाईक पेढे देतात. गॅसवाल्याला पेढा दिलेला मी तरी पाहिला नाही. थिएटरमध्ये मी जायचो ते रिकाम्या असताना, सगळं धुऊन-पुसून झाल्यावर. आत ऑपरेशन सुरू झालं की मला ते फक्त काट्यावरून कळायचं. काटा जरासा थरथरायचा. तेवढीच माझी पेशंटशी ओळख.

लग्न राहून गेलं. मुलगी बघायचा कार्यक्रम ठरायचा आणि नेमका सिलिंडरचा ट्रक घाटात अडकायचा. दोनदा असं झाल्यावर आईनं नाद सोडला. भावाकडची लग्नं, बारशी, सगळं चुकलं. आधी पत्रिका यायच्या, मग नुसते फोन, मग मोबाइलवर फोटो, तेही समारंभ झाल्यावर. मी कुणाला दोष देत नाही. जो माणूस कधीच येत नाही त्याला किती दिवस बोलवायचं? पण वाईट वाटायचं. आजही वाटतं.

गिऱ्हाइकं म्हणाल तर माझ्या खोलीशी क्वचित कुणी यायचं. एकदा दाराशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. वॉर्डात त्याचा भाऊ होता. आमच्याकडे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे की नाकाला नळी लावली म्हणजे माणूस संपला. नळी लागली की बाया गळा काढतात, पुरुष जीपचं बघायला जातात. तर हा म्हातारा म्हणाला, "भाऊ, तुमचे हाती हाय ना ती हवा? बंद करा जरा. त्याला घरा नेतो." मी त्याला काट्याशी नेलं नाही, दाराशीच बसवलं आणि सांगितलं की बाबा, नळी मरायला नाही लावत, जगायला लावतात. त्याचा विश्वास बसला नाही. पण तो बराच वेळ माझ्याशेजारी पायरीवर बसून राहिला आणि मला ते बरं वाटलं. आठवड्यानं दोघे भाऊ पायी पायी फाट्यापर्यंत जाताना दिसले. जाता जाता त्यानं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

दुसरी गोष्ट दसऱ्याची. दसऱ्याला आपल्याकडे यंत्रांची पूजा. पहिल्या वर्षी स्टाफनं मोठ्या हौसेनं माझ्या खोलीत समई आणली, उदबत्तीचा पुडा आणला, आणि एका उत्साही मूर्खानं व्हॉल्व्ह चकाकावेत म्हणून त्यांना खोबरेल तेल चोळलं! अहो, तेल आणि दाबाखालचा प्राणवायू एकत्र आले की पेट घ्यायला काडी लागत नाही. मी ती समई उचलून थेट अंगणात नेली. घसा फुटेस्तोवर ओरडलो. कुणाला काय काय बोललो देव जाणे. सगळे निघून गेले. मी एकटा दिवसभर व्हॉल्व्ह पुसत बसलो, आणि पुढच्या वर्षीपासून माझ्याकडे पूजेला कुणी फिरकलं नाही.

एक सोनीबाई सोडून. सोनीबाई आमच्याकडची आया, दाभोशाची. थिएटरची झाडलोट, पेशंटला टेबलावर घेणं, उतरवणं, धीर देणं हे तिचं काम. तिला माझ्या खोलीची भीती वाटायची. "तुमच्या बाटल्या फुटल्या तर?" म्हणून ती जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत कधी आली नाही. पण दर दसऱ्याला ती पट्ट्याबाहेर उभी राहून दाराच्या कडीत आपट्याची पानं खोचून जायची. "घ्या तुमचं सोनं, तेल नाय लावलेलं," एवढं बोलून वळायची. आमचं वर्षभराचं बोलणं जवळजवळ तेवढंच.

आता ती जानकीची गोष्ट. तिच्यासाठीच हा सगळा प्रपंच.

जानकी सूर्यमाळच्या वरच्या एका पाड्यावरची. पहिलटकरीण. नवरा लांब वीटभट्टीवर गेलेला, त्यामुळे सासूनं तिला जीपनं आणली. घरी सुईणीनं प्रयत्न करून पाहिला होता, पण मूल आडवं होतं. सिझेरियन करायचं ठरलं. सासू बाहेर बाकावर बसली आणि जानकी एकटी आत गेली.

मला हे काही माहीत नव्हतं. मी काट्यासमोर बसलो होतो, दुपारची वेळ. अचानक थिएटरचा काटा धाडकन खाली आला. थरथर नाही, सरळ खाली. पाठोपाठ अलार्म कोकलायला लागला. एवढा प्राणवायू कुठलाही पेशंट घेत नाही. नळी तुटली असणार.

धावत गेलो. थिएटरच्या दाराबाहेर भिंतीत एक काचेची पेटी असते, तिच्यात त्या खोलीपुरता व्हॉल्व्ह. आधी तो बंद केला. आतला फुत्कार थांबला. भुलीच्या मॅडम मोठ्या हुशार बाई. मी पोचायच्या आधीच त्यांनी यंत्रावरचा राखीव सिलिंडर उघडून ठेवला होता. त्या आतून ओरडल्या, "निकम, कपडे बदला आणि आत या!"

पेशंट टेबलावर असताना मी थिएटरमध्ये पाऊल टाकलं ते तेव्हा, पहिल्यांदा. बघतो तर जानकी टेबलावर अर्धवट उठून बसलेली, आणि दोन्ही हातांनी पेंडंटची पांढरी नळी पकडून तिला अक्षरशः लोंबकळलेली. पेंडंटचा हात ओढला जाऊन तिच्या अंगावर आलेला. नळी यंत्राच्या बाजूनं उपटून निघालेली. वर पेटीतून ती काढावी म्हटलं तर तिच्या वजनाचा ताण, कडी फिरेना. मला पेंडंटची काळजी नव्हती, बोल्ट माझे होते. पण सगळे एका आवाजात ओरडत होते, "सोड! नळी सोड! अगं, सोड म्हणते ना!" आणि ती डोळे घट्ट मिटून एकच बोलत होती, "नाय सोडायची. नाय सोडायची."

बाळाचे ठोके मंदावत चालले होते. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करायचं, तर बाईला पाठ वाकवून बसावं लागतं. ही तर ताठ, दोरीला लटकलेली. ती नळी सोडेना म्हणून सुई देता येईना, सुई नाही म्हणून ऑपरेशन नाही. हात सोडवायला एक सिस्टर आणि एक ब्रदर झटत होते. जितकं ओढावं तितकी तिची पकड घट्ट.

"पण का सोडत नाहीये ती?" मॅडमनी विचारलं. रागानं नाही, खरोखर विचारलं.

सोनीबाई जानकीची पाठ धरून उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, ती नळी नाय, दोर हाय तिला. आमचे घरा बाळंतपणाला आढ्याला दोर बांधतात. बाई तो धरते नि जोर लावते. सुईण सांगते, काय पण होवो, दोर सोडायचा नाय. दोर सोडला का पोर अडकलं. घरा तोच धरून आलीय ती. वर बघितलं, लोंबताना दिसलं, धरलं."

आम्ही सगळे मिळून तिला नेमकं तेच करायला सांगत होतो, जे केल्यावर पोर मरतं असं तिला तिच्या सगळ्या माणसांनी सांगितलं होतं.

मला त्या वेळी काय सुचलं आणि कसं, ते सांगता येत नाही. मी तिच्या डोक्याशी उभा होतो, नळीच्या तोंडाशी. मी तिच्या डोळ्यांसमोर माझा हात आडवा धरला आणि म्हटलं, "जानकी, तो दोर कच्चा आहे. हा धर. हा पक्का आहे. हा सोडू नको."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे नाही, हाताकडे बघितलं. मग एक हात नळीवरून काढून माझं मनगट धरलं. पुढची कळ आली, गेली. मग दुसराही हात आला. नळी सैल पडली.

"निकम, आता तुम्ही हलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "तिथंच बसा. हात सोडवून घेऊ नका." कुणीतरी स्टूल सरकवलं. ती माझ्याकडे वाकली, पाठ आपोआप गोल झाली आणि मॅडमनी सुई दिली.

मग माझीच पंचाईत. नवी नळी जोडायची, व्हॉल्व्ह उघडायचा, आणि माझे हात अडकलेले. इतकी वर्षं मी या कामाला दुसऱ्या कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. आता सिस्टरला सांगत होतो, "पांढरी कडी वर दाबा, फिरवा, हां, निघाली. कपाटात खालच्या फळीवर नवी नळी आहे. घाला. खट्ट आवाज आला? मग बाहेरचा व्हॉल्व्ह हळू उघडा, हळू!" तिनं सगळं नीट केलं. सरांनी दारं उघडी ठेवून साठलेला प्राणवायू जाऊ दिला आणि रक्त थांबवायचं विजेचं यंत्र लांब ठेवायला सांगितलं, कारण अशा हवेत एक ठिणगी पुरे. मग मध्ये हिरवा पडदा लागला आणि पलीकडे काम सुरू झालं.

पडद्याच्या अलीकडे आम्ही दोघं. तिला कमरेखाली काही कळत नव्हतं, त्यानं ती आणखी घाबरली. मला बायकांशी बोलायची सवय नाही. काय बोलणार? मी तिला पाइपांचं सांगत बसलो. म्हटलं, ही हवा माझ्या खोलीतून येते, अंगणाखालून, भिंतीतून, छतातून, तुझ्यापर्यंत. तिला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. मध्येच तिनं विचारलं, "दादा, तुम्ही जाणार नाय ना?" मी म्हटलं, "नाही."

पोरगी झाली. आधी गप्प होती, आमचे सगळ्यांचे जीव टांगणीला, आणि मग तिनं असा टाहो फोडला की बाहेर बाकावर सासूला ऐकू गेला. तेव्हा जानकीनं माझा हात सोडला. तिला तो पोरीसाठी हवा होता.

मी माझ्या खोलीत परत आलो. काटा जागच्या जागी होता. मनगटावर बोटांचे वळ उठले होते, नखं रुतली होती. मी स्टुलावर बसलो आणि मला रडू कोसळलं. उगाच आडवळणानं कशाला सांगू, माझा हात इतका घट्ट कुणी धरलाच नव्हता. तोवर मला हे जाणवलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, बाळंतपणाच्या खोलीत छताला एक कडी बसवतो. सर म्हणाले, जंतूंचं काय? मॅडम म्हणाल्या, प्रत्येकीला उकळलेला नवा दोर देऊ, त्यात काय. मी स्लॅबला आरपार भोक पाडून, पेंडंटचा असतो तसाच बोल्ट घातला आणि जाड सुती दोर बांधून स्वतः लोंबकळून बघितलं. सिस्टर लोकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. "निकमकाका झोका खेळतायत!" हसू देत. कडी हलली नाही. बायका आत आल्या की आधी वर बघायच्या, दोर दिसला की त्यांचा चेहरा बदलायचा. सुईणीही मग पेशंटबरोबर यायला लागल्या.

एकदा बाहेरून तपासणीला एक साहेब आले. पेंडंट बघितला, तोंडं मोजली, मग बाळंतपणाच्या खोलीत वर बघून विचारलं, "ही लाइन कसली?" मी म्हटलं, "साहेब, ही लाइन पेशंटकडून छताकडे जाते." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. पुढं काही विचारणा आली नाही.

मी निवृत्त झालो. माझ्या जागी आता कंपनीचा माणूस अधूनमधून येतो, बाकी सगळं यंत्रच बघतं. सिन्नरला जाऊन करायचं काय? जव्हारलाच खोली घेऊन राहिलो. सकाळी पेपर, संध्याकाळी तलावापर्यंत चक्कर. सिलिंडर ढकलून ढकलून झालेला हर्निया अंगावर काढत राहिलो. शेवटी तो इतका दुखायला लागला की मॅडमनी दम दिला, आतडं अडकलं तर पळापळ होईल, ताबडतोब करून घ्या.

पुतण्याला फोन केला. मुलगा वाईट नाही. म्हणाला, "काका, एवढा आठवडा जाऊ दे ना, सुट्टी मिळत नाहीये." मी म्हटलं, "छे छे, सोय आहे माझी, उगाच कळवलं." ऑपरेशनच्या सकाळी पिशवीत टॉवेल, ताट, पेला भरून मी एकटाच गेलो.

"पुतण्या?" सिस्टरनं विचारलं.

"जीप चुकली त्याची. येतोय मागून."

मॅडमनीही विचारलं, मी तेच सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या. त्या क्षणी मला वाटलं, द्यावं सांगून की कुणी नाही येणार. पण सांगितलं नाही. लाज वाटली, दुसरं काय.

कमरेत सुई दिली. मला उताणं झोपवलं. पेंडंट मी शिडीवरून पाहिलाय, खोट्या छतात शिरून पाहिलाय, त्याचा एकेक स्क्रू मला पाठ आहे. पण आडवं पडून, खालून, कधी पाहिला नव्हता. खालून तो फार मोठा दिसतो हो. आणि माझे पाय गेले. म्हणजे होते तिथंच, पण मला सापडेनात. मला माहीत होतं हे असंच होतं. सगळं माहीत होतं. बोल्ट पक्के, दाब बरोबर, मॅडम डोक्याशी. तरी घाबरलो. कुणाला तरी हाक मारावी असं वाटलं आणि कुणाला मारावी ते सुचेना.

"निकम! अहो, काय करताय? सोडा!"

मॅडमचा आवाज आला तेव्हा मला कळलं. माझा उजवा हात वर गेला होता आणि मी पांढरी नळी मुठीत धरली होती. मी! त्या नळीला कुणाचं बोट लागलं तरी ओरडणारा मी. सोडायला हवी हे कळत होतं आणि मूठ उघडत नव्हती.

"त्यांना सोडा म्हणू नका, मॅडम." ओळखीचा आवाज होता. हिरवा गाऊन, तोंडाला मास्क, वर फक्त डोळे. सोनीबाई. तिनं माझ्यासमोर हात आडवा धरला. "ती नळी कच्ची हाय, भाऊ. हा धरा."

मी तिचं मनगट धरलं.

"तुझी आज सुट्टी ना?" मी विचारलं. वॉर्डात फळ्यावर मी सकाळीच वाचलं होतं.

"हाय ना. म्हणून तर आले." स्टूल ओढून ती बसली. "तुमचा पुतण्या येणार नाय, हे काल सिस्टरनं मला सांगितलं. तिला तुमचं तोंड बघूनच कळलं होतं. सकाळची पहिली जीप धरून आले."

ऑपरेशन संपेपर्यंत ती बसून होती. मधून मधून मी विचारायचो, "आहेस ना?" ती म्हणायची, "हाय."

दुपारी वॉर्डात पडलो होतो. सोनीबाई खिडकीत पेज गार करत होती, नाचणीची, घरून डब्यात आणलेली. पुतण्याचा फोन आला. "काका, झालं ना नीट? मला फार वाईट वाटतंय. सोबत कोण होतं हो?"

सोनीबाई वाटी घेऊन माझ्याकडे वळली. तिच्या मनगटावर गोंदणाच्या वरच्या बाजूला माझी चार बोटं लाल उठली होती, अजून गेली नव्हती.

"सोनीबाई होती," मी त्याला सांगितलं.